राखेतलं बीट

मार्गशीर्ष लागला की आमच्या मोरीतून तांबडं पाणी वाहायला लागतं. नवखा पाहुणा असला तर दचकतो. शेजारच्या हौसाबाईंचा पुण्याचा जावई एकदा बोळातून येताना थबकला आणि सासूच्या कानाशी लागून म्हणाला, "आज गुरुवार ना? मग यांच्याकडं काय कापलंय?" हौसाबाईंना तेवढंच पुरलं. बोळात उभ्या राहूनच त्यांनी मला हाक मारली, "ओ ताई, आमचे जावई इचारत्यात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी तुमी काय कापलंय म्हून!" बिचारा जावई. मी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून दाखवले, मनगटापर्यंत लाल. "बीट," म्हटलं, "येता का जेवायला?" तो काही आला नाही.

यंदाही महिनाभर तेच चाललंय. सकाळी पारनेरला जाणाऱ्या एसटीच्या काचा धुक्यानं पांढऱ्या झालेल्या असतात, आत कोण बसलंय ते दिसत नाही. गोठ्यात गाईंच्या अंगावरून वाफ निघत असते. आणि आमचे हे, वय झालं तरी कानाला मफलर गुंडाळून मळ्यात जातात, ओल्या वाफ्यातली बिटं उपटतात आणि ओसरीत पोत्यावर आणून ओततात. त्याबरोबर ओसरीभर वास सुटतो. विहिरीतला गाळ काढताना येतो तसला, खोल मातीचा.

बीट मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी त्याचं एवढं गुणगान करणार आहे, की वाचणाऱ्याला वाटायचं ही बाई बिटावरच वाढली. छे! ना धड गोड, ना धड भाजी. कापायला घ्यावं तर पोळपाट, विळी, ओटा, बोटं, सगळं रंगवून ठेवतं. एखाद्या लग्नघरात आगाऊ बाई कशी जिकडंतिकडं मिरवते, तसं ताटातल्या दहीभातावरसुद्धा आपला रंग सोडून येतं. माझं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं बीट कुणी बघितलं होतं! भात, नागली, वरई आणि परसातला भोपळा. बीट पहिल्यांदा बघितलं ते इकडं पारनेर तालुक्यात नांदायला आल्यावर, आणि तेही बऱ्याच वर्षांनी. आधी इकडं प्यायच्या पाण्याचे वांधे होते. मग माळावर चर खोदले, ओढ्याला बांध पडले, विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी राहायला लागलं, तसे बाजरीच्या कडेनं वाटाणा, कोबी, गाजर, बीट यांचे वाफे दिसायला लागले.

नवी भाजी गावात आली की तिचं नव्या सुनेसारखं होतं. चार दिवस कौतुक, मग घरातल्या जुन्याच कामाला जुंपतात. बिटाची आधी नुसती कोशिंबीर व्हायची. मग बायकांनी त्याला हळूहळू आपल्या रीतीला लावलं. पाला तुरीच्या डाळीत घोटून त्याचं लसणीचं गरगटं. कंद किसून बाजरीच्या पिठात मळायचा, वर तीळ दाबायचे, की थालीपीठ. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे रटरटत असताना त्यात बिटाच्या फोडी सोडायच्या, की रस्सा असा रंगतो की तिखट घातलंय की नाही हे पहिल्या घासालाच कळावं. वांग्याच्या जोडीला काळ्या मसाल्यात तर ते बेमालूम मुरतं. आता गावातल्या लहान सुनांना वाटतं, हे सगळं शिवकाळापासून चालत आलंय. मी त्यांना तसंच वाटू देते. चांगल्या गोष्टीला जुनी म्हटलं तर बिघडलं कुठं?

पण बिटाशी माझी खरी गाठ पडली ती एका हिवाळ्यात. माझी अश्विनी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, तेव्हाची गोष्ट.

अश्विनी मिरजगावला दिलेली. सातव्या महिन्यात तिकडं थाटात डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने, झोपाळा, दोन वाट्यांखाली झाकलेले पेढा आणि बर्फी, सगळं रीतसर. बायकांनी विचारलं, "काय खावंसं वाटतंय गं?" ती मान खाली घालून म्हणाली, "चिंच." झालं, सगळ्या हसल्या. चिंच म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. मीही हसले आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आले.

मी तेव्हा गावातली अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त झाले, पण अजूनही मला बघितलं की काही बायका पदर सावरून "गोळ्या घेतल्या हो ताई" म्हणतात, त्यांची पोरं कॉलेजात गेलीत तरी. एवढा माझा धाक. गरोदर बाई दिसली की माझी टकळी सुरू व्हायची. पालेभाजी खा. गूळ-शेंगदाणे खा. बीट खा. लाल गोळी चुकवू नका. जेवणावर लगेच चहा ढोसू नका. आणि खबरदार, माती खाऊ नका! रक्त कमी झालेल्या बाईला मातीची ओढ लागते, हे आम्हाला शिकवलेलं होतं आणि मी ते घरोघर जाऊन ओरडून सांगत होते. घरी अश्विनी लहानपणापासून ते ऐकत होती.

अशा बाईच्या घरात काय व्हावं? पारनेरच्या डॉक्टरीणबाईंनी अश्विनीचं रक्त तपासलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. रक्त साताच्या घरात. "गोळ्या नीट घ्यायच्या, जेवण वाढवायचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या तपासणीला आकडा चढला नाही तर मी इथं बाळंतपणाला हात लावणार नाही. आणि नगरला नेलं तरी अशा अंगात जोखीम ती जोखीमच." अश्विनी वरच्या पंख्याकडं बघत बसली होती. तिचे ओठ आणि कान एकाच रंगाचे दिसत होते. रोज डोळ्यांसमोर असलेली पोर, मला ते तेव्हा दिसलं.

रक्त कमी म्हणजे काय, हे मला तक्त्यावरून कळलेलं नव्हतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, अशीच माहेरी आली होती, पहिल्याच खेपेला. मी तेव्हा परकर सावरत तिच्या मागंमागं फिरायची. अक्का भिंतीचे पोपडे काढून खायची. चूल सारवायला आणलेली तांबडी माती पदराच्या टोकाला बांधून न्यायची. एकदा आईनं तिच्या तोंडात बोट घालून माती काढली आणि पाठीत धपाटा घातला. "लोकांच्या पोरी आंबं मागत्यात, हिला माती पायजे! हे कसलं डोहाळं?" अक्कानं नुसतं तोंड पुसलं. बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. डोलीत घालून राजूरला न्यायचं ठरलं होतं, ते ठरलेलंच राहिलं. त्यानंतर आमच्या घरात अक्काचं नाव निघालं नाही. आई काढत नव्हती, म्हणून आम्हीही कुणी काढलं नाही. अश्विनीला एक मावशी होती, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या हिवाळ्यात तर सांगणारच नव्हते. एसटीत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी मनात म्हटलं, एक गेली, ही जाता कामा नये.

गावात बातमी लपते होय! दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई ओच्यात बिटं घेऊन दारात हजर. "ताई, तुमीच सांगता ना, बीट खा म्हून? घ्या." तोंडावर असं हसू, की देणं कमी आणि फेडणं जास्त. त्यांच्या मागोमाग वरच्या आळीतल्या आल्या, मग वस्तीवरच्या आल्या. ज्या ज्या बायकांना मी बीट खा म्हणून छळलं होतं, त्या सगळ्यांनी त्या आठवड्यात उट्टं काढलं. वर प्रत्येक बाई जाताना अश्विनीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली, ते वेगळंच. घरचे वाफे होतेच. कॉटखाली बिटं, माचावर बिटं, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर बिटं. हे म्हणाले, "देव तेवढं बाजूला सरकव, अजून चार बसत्याल."

आणि मी कंबर कसली. रोज एक पदार्थ. गरगटं, थालीपीठ, शेंगोळे, वांग्याबरोबर रस्सा, डाळीत शिजवून घोटलेलं, दुधात आटवून केलेला हलवा. अश्विनी प्रत्येकाचा एक घास घ्यायची आणि ताट अलगद पुढं सरकवायची. "आई, नको ना गं." लाल गोळी घेतली की मळमळ, रिकाम्या पोटात ती टिकायची नाही, आणि पोट रिकामं नसावं म्हणून जेवावं तर जेवण जात नाही. मी म्हणायची, मातकट लागतंय म्हणून नको होतंय. मग त्या मातकट वासाच्या मागंच लागले. बिटं तीनतीन पाण्यांत घासून धुतली. साल जाड काढली. उकडलेलं पाणी ओतून दिलं. चिंचेत भिजवली, आलं-लसूण वाटून लावलं, गरम मसाला दामटला, गुळाचा खडा टाकला. एक दिवस तिनं हलव्याचा चमचा नाकाशी नेला आणि म्हणाली, "आई, याला काहीच वास येत नाही गं." मी खूश! मला वाटलं, जमलं एकदाचं. तिनं तो चमचा तसाच वाटीत ठेवला.

उरलेलं सगळं आम्ही दोघं नवराबायको संपवत होतो. टाकवत नाही ना. चार दिवसांनी हे सकाळी परसाकडून आले ते पांढरेफटक. "ऐक," म्हणाले, "पोरीला घाबरवू नकोस. पण मला पारनेरला घेऊन चल. मला रक्त पडतंय." मी विचारलं, "काल रात्री काय जेवलात?" ते म्हणाले, "बीट." "परवा?" "बीट." मग आमच्या दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. त्या हिवाळ्यात आमच्या घरात मोकळं हसू ऐकू आलं ते त्या सकाळीच. अश्विनीसुद्धा पोट धरून हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. तेवढ्यानं माझं हसू विरलं.

ते दिवस आता आठवले की आधी ऊनच आठवतं. ओसरीत नऊच्या सुमारास येणारं, कोवळं, पायापासून वर चढत जाणारं. अश्विनी खांबाला टेकून बसलेली, पाय उन्हात, शाल पोटावर. मी समोर शेंगा फोडत. पलीकडच्या रानात ज्वारीवरची पाखरं हाकलायला कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवतंय. घरोघर संक्रांतीचे तीळ भाजल्याचा खमंग वास. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय सुखाचं माहेरपण चाललंय. आणि सुख होतंच की, खोटं कशाला बोलू? लेक मांडीपाशी होती. पण शेंगा फोडता फोडता मी तिची नखं बघायची, पापणीच्या आतली बाजू बघायची, आणि तिनं बघितलं की म्हणायची, "ऊन लागतंय का गं डोळ्यावर?"

भोगीच्या आदल्या दिवशी मिरजगावाहून विहीणबाई आल्या. बाई खणखणीत. एसटीतून उतरल्या उतरल्या बोलायला लागल्या तर आमच्या ओसरीत ऐकू यावं असा आवाज. पिशवीत हुलग्याचं पीठ, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी. "भोगीला सुनंच्या हातचं न्हाई, तर निदान सुनंबरुबर खावं म्हून आले," म्हणाल्या. मनात म्हटलं, आता म्हणणार, आमची पोर ठणठणीत दिली होती, हिनं महिन्यात वाळवली. त्या अश्विनीकडं बराच वेळ बघत राहिल्या. पाणी प्यायल्या, चहा घेतला, मग मागं गेलेली अश्विनी अजून का आली नाही म्हणून उठून परसदारी गेल्या. जरा वेळानं हाक आली. आणि त्या बाईंचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "इहीनबाई, जरा हिकडं या."

परसात ह्यांनी नुकताच टाकलेला बिटांचा ढीग होता, ओल्या मातीसकट. अश्विनी त्याच्याशेजारी दगडावर बसली होती. हातात एक न धुतलेलं बीट, नाकाशी धरलेलं. डोळे मिटलेले. एवढी निवांत मी तिला महिनाभरात बघितली नव्हती. आणि खालच्या ओठाला माती लागली होती.

मी एका ढांगेत तिथं पोचले. गावभर बोललेलं वाक्य जिभेवर आलं, हातही वर गेला. अश्विनीनं डोळे उघडले आणि पटकन पदरानं तोंड पुसलं. अगदी तस्संच. परकर सावरत मी जे दाराआडून बघितलं होतं, ते माझ्यासमोर भर दुपारी पुन्हा होत होतं, आणि या खेपेला वर गेलेला हात माझा होता. मी तो खाली घेतला. तिथंच तिच्याजवळ मातीत बसले.

"तू ओरडशील म्हणून बोलले नाही," अश्विनी म्हणाली. तिला रडू फुटलं. "मला दुसरं काही नकोच वाटतं आई. या मातीचा वास आला की जरा बरं वाटतं. आणि तू सगळं धुऊन टाकतेस."

बोलल्या त्या विहीणबाई. "मंग पोरीचं काय चुकलं? डोहाळं हायेत ते. डोहाळं काय आपुन ठरवून द्यायचं व्हय? तवा समद्यांनी मिळून इचारलं, पोर चिंच म्हनली, आन् आपुन समद्या खीखी करून जेवाया बसलो. मी बी त्यातलीच." मग पदर खोचून म्हणाल्या, "माती पोटात नगं, हे तुमचं सरकारी बोलणं खरं हाय. पर वासाला काय हुतंय? चूल पेटवा."

घरात गॅस होता, पण अंघोळीच्या पाण्याची चूल परसात होतीच. बाभळीची लाकडं लावली. मग आम्हा दोघींचं जुंपलं. त्या म्हणत, बिटं तशीच घालायची, मातीसकट. मी म्हटलं, अजिबात नाही, धुतल्याशिवाय घालू द्यायची नाही. "मंग बसा धूत, वास जाईस्तवर!" "मग जंत झाले तर तुम्ही निस्तरा!" दोन विहिणी चुलीपुढं हातात बिटं घेऊन भांडतायत, आणि जिच्यासाठी भांडतायत ती मधे बसून एकदा हिच्याकडं एकदा तिच्याकडं बघतेय. शेवटी तह झाला. पोत्यानं पुसायचं, एकाच पाण्यातून काढायचं, पण साल काढायची नाही, देठ छाटायचा नाही, मसाला लावायचा नाही. लाकडांचे निखारे झाले तसे ते बाजूला ओढून आम्ही बिटं राखेत पुरली आणि वर निखारे पसरले.

राखेतलं बीट सावकाश भाजतं. वांग्यासारखी त्याला घाई नसते. आधी बराच वेळ काही होतच नाही. मग साल कुठंतरी तडकते, गोडसर पाणी निखाऱ्यावर पडून चर्रर्र होतं, आणि मग तो वास येतो. करपलेली साल, राख, आणि सगळ्याच्या खाली तापलेली ओली माती. शेतात पाणी सोडल्यावर दुपारच्या उन्हात येतो तसा. अश्विनी चुलीकडं सरकली. विहीणबाईंनी काडीनं टोचून बघितलं, बीट बाहेर ओढलं, दोन्ही हातांत उडवत उडवत साल सोलली. आत गर्द, मऊ, वाफाळलेलं. पाट्यावर नुसतं ठेचलं, दोन पाकळ्या लसूण, मीठ, शेंगदाण्याचं कूट, वर कच्च्या तेलाची धार. बाजरीची भाकरी सकाळचीच होती.

तिनं पहिला घास घेतला. मी दुसरीकडं बघायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. दुसरा घास घेतला, तिसरा. बोटं चाटली. आम्ही दोघी विहिणी जत्रेतला खेळ बघावा तशा तिच्या तोंडाकडं बघत होतो. अर्धी भाकरी संपली तेव्हा तिनं मान वर केली. "आई, अजून आहे?"

तीनच शब्द. मी उठून गोठ्याकडं गेले. गाईच्या पाठीवर हात ठेवून मनसोक्त रडले, आणि मग येताना उगीचच वैरणीची पेंढी घेऊन आले, काहीतरी कामाला गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी भोगी. भोगीची मिसळीची भाजी, आम्ही तिला खेंगट म्हणतो, त्यात वांगी, गाजर, पावटा, घाटे, बोरं, शेंगदाणे, तिळाचं कूट असं जे जे त्या दिवसांत रानात असतं ते सगळं पडतं. त्या वर्षी पहिल्यांदा त्यात राखेत भाजलेलं बीट पडलं. ह्यांनी ताटात बघून विचारलं, "हे काय, भोगीला बी बीट?" विहीणबाई म्हणाल्या, "गप खावा. न खाई भोगी, तो सदा रोगी." ह्यांनी गप खाल्लं. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा, आणि ते लालभडक खेंगट. अश्विनीनं दोनदा मागून घेतलं.

मग रोज चूल पेटायला लागली. पोटात अन्न राहायला लागलं, तशी लाल गोळीही पोटात राहायला लागली. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कागद बघून मान हलवली. "गोळ्या लागू पडल्या बरं का." आकडा चांगला चढला होता. त्यांचं खरंच होतं. फोनवर विहीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गोळ्या बी बिटाच्याच जिवावर टिकल्या म्हनावं!" तेही खरंच. तरी मी कुणाचं ऐकलं नाही, दिवस भरायच्या आधीच नगरला खोली बघून राहिले. माघात अश्विनी सुखरूप मोकळी झाली. मुलगी. विहीणबाईंनी नातीला दिव्याजवळ धरून निरखलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, गोरीच हाय. मला वाटलं बिटावानी निघती का काय."

ती नात आता शाळेत जाते. तिला बीट अजिबात आवडत नाही. माझ्यावर गेली असणार.

अक्काचं काय? माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट राहून गेली. अक्कालाही वासच हवा असेल का? आईचा राग धरावा असं आता वाटत नाही. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि लेक डोळ्यांदेखत पांढरी पडत असताना बाईच्या हातून धपाटाच निघतो, हे मला माझ्या हातानं शिकवलं. पण त्या वर्षापासून भोगीच्या आदल्या दिवशी मी राखेत एक बीट जास्तीचं घालते. सगळ्यांची जेवणं झाली की ते काढून परसातल्या लिंबाच्या बुंध्याशी ठेवते. कुणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

परवा भोगीची तयारी होती. अश्विनी नेहमीप्रमाणे लेकीला आणि सासूला घेऊन आली होती. विहीणबाईंचे गुडघे गेलेत, पण आवाज तोच. त्या खाटेवर बसून हुकूम सोडत होत्या आणि यंदा त्यांच्या जागी अश्विनी चुलीपाशी बसून बिटं सोलत होती. माणसं किती, बिटं किती, तिला तोंडपाठ. सगळी काढून झाल्यावर तिनं राखेत काडी फिरवली. "आई, एक राहिलंय गं आत."

"राहू दे," मी म्हटलं.

"करपेल की. कुणाचंय?"

का कोण जाणे, या वेळी मला ते गिळता आलं नाही. आम्ही दोघी चुलीपाशी, ऊन उतरलेलं, आणि माझी लेक सुखरूप माझ्यासमोर. आता तिला घाबरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हटलं, "तुझ्या मावशीचं."

"कुठली मावशी?"

मग मी सांगितलं. तांबडी माती, पदराचं टोक, धपाटा, डोली, सगळं. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं, आणि एक बीट गार व्हायच्या आत सांगून झालं. "तिचे डोहाळे राहिलेत गं," मी म्हटलं.

अश्विनीनं राखेतलं ते बीट ओढून काढलं, फुंकर मारली, सोललं. पाट्यावर ठेवून ठेचलं. कूट घातलं, मीठ घातलं. लसणीच्या पाकळ्या हातात घेतल्या आणि थांबली.

"आई, मावशीला लसूण आवडायचा का गं?"

अक्का गेल्यापासून तिला काय आवडायचं हे कुणी विचारलंच नव्हतं.

"लई," मी म्हटलं. "जरा जास्तच घाल."